काढताना

झोपू नकोस, शर्वाणी. अजून पाच राहिल्यात.
लॉन्सवरची शेवटची माळ विझली,
केटररची पातेली टेम्पोत चढतायत,
गंगापूर रोडला आता फक्त कुत्री जागी,
आणि तू म्हणतेस, ताई, सकाळी काढू.
सकाळी नाही.
रात्रभर उशीवर घासली ही पट्टी
की क्लिपचे दात आधी तुझेच केस खातात.

मान खाली. हनुवटी छातीला.
लावताना मी खालून वर गेले होते,
आता वरून खाली येते.
मूळ चिमटीत धरलंय, बघ,
ओढ बसली तर माझ्या बोटांना बसू दे.
टच्. उघडली.
ओढायची नसते, उघडायची असते;
एवढं एक पाठ केलंस तरी माझी फी वसूल.

माझे वडील रामकुंडावर बसायचे.
तांब्या, वस्तरा, तुरटी, गोणपाटाची घडी.
दहाव्याला आलेली माणसं त्यांच्यापुढे मान वाकवायची
आणि गंगेवरच्या वाऱ्याने
ओले केस फरशीवरून पायरीकडे सरकायचे.
मी पार्लर काढलं तेव्हा म्हणाले,
आपलं काम उतरवायचं, पोरी,
तू चढवायला निघालीस.
मग पान थुंकून आले, आणि पुन्हा:
चढव. पण वजन बघून चढव.

सराफ बाजारात ओळखीच्या काट्यावर तोलले होते हे.
एकशे वीस ग्रॅम. काटेवाला हसला,
म्हणाला, वहिनी, घडणावळ किती?
निम्मे तिथेच बाजूला काढले.
डेंग्यूतून उठलेल्या केसांना साठच पेलतात.
तुझ्या माहेरी, ओझरला, घड विरळतात ना,
वेलीला झेपेल तेवढेच ठेवून?

आणि ही कानामागची जागा?
रुपयाएवढी, गुळगुळीत.
मुंबई नाक्याच्या शोरूममध्ये, म्हणतेस,
रोज नऊ ते सात,
आठ महिने,
क्लिप त्याच एका जागी.
जागा बदलायची गं.
आज इथे, उद्या बोटभर खाली,
परवा काहीच नाही.
ओल्या केसांवर तर कधीच नाही.

दार वाजलं. तू टॉवेल ओढलास डोक्यावर,
तोंडसुद्धा झाकलंस.
सासूबाई.
दाराशी थांबल्या, टेबलावरच्या केसांच्या पट्ट्या पाहिल्या,
टॉवेलकडे पाहिलं,
आणि शेजारच्या खुर्चीत बसल्या धपकन.
माझापण उतरव, म्हणाल्या,
कानशिलं ठणकतायत दुपारपासून.

सोळा आकडे निघाले. मी मोजले.
अंबाडा अखंड हातात आला
आणि खाली करंगळीएवढी पांढरी शेपटी.
आमच्यात याला गंगावन म्हणतात, त्या आरशाला सांगत होत्या,
चाळीस वर्षं त्याच गाठीवर खोचलं.
कुणी सांगितलंच नाही जागा बदल म्हणून.
भांग नाही राहिला, पायवाट झाली.

टॉवेल हळूच खाली आला.

आता टेबलावर दोघींचे शेजारी शेजारी,
तुझे पिवळट दिव्यात तांबूस, त्यांचे काळेकुट्ट,
कुणाच्या डोक्यावरचे, कुठल्या पायरीवरचे, देव जाणे.
मी दोन्ही वेगळ्या पिशव्यांत घातले.
नावं लिहिली.

तेल आजच नको, टाळू हुळहुळी आहे.
उद्या रात्री, बोटांच्या पेरांनी, नखं लांब ठेवून.
मोठ्या दातांचा कंगवा, टोकापासून सुरुवात, मग मूळ.
झोपताना सैल वेणी.
आठवडाभर कुणी काही म्हणालं
तर या बसल्यात ना खुर्चीत,
या बघतील.

त्या म्हणाल्या, बघीन.
म्हणाल्या, अगं, मला कुणी विचारलंच कुठे होतं.

हसू नकोस, शर्वाणी, मान हलते.
एक राहिलीय.